सोनेरी पट्टी

देवगडच्या अलीकडे, सड्यावर,
जिथे पूर्वी नुसता कातळ होता
आणि श्रावणात चार दिवस सीतेची आसवं फुलायची,
तिथे आता सागरझोका वॉटरपार्क आहे.
गरुडझेपेच्या जिन्याखाली, पिवळ्या छत्रीत, मी.
छातीवर बिल्ला: शे. कुबल, रांग सहाय्यक.

काम सोपं आहे.
साधं तिकीट साडेसहाशे, मनगटावर निळी पट्टी,
त्यांनी पाइपांमधून नागमोडी जायचं.
वर चारशे टाकले की सोनेरी,
त्यांनी सरळ.
सोनेरी आली की मी निळ्यांपुढे दोरी धरते
आणि म्हणते, "जरा थांबा हं."
दिवसातून किती वेळा, ते माझ्या जिभेला विचारा.

दोरीला हात लावून कुणी भांडत नाही.
एकदाच एक कणकवलीचे मास्तर म्हणाले,
"बाई, आमची पण पोरं भिजूकच इली आसत."
मी हसले. हसायचं, असं ट्रेनिंगमध्ये सांगितलंय.

आई तरीवरून पलीकडे मासे विकायला जायची.
पहाटे धक्क्यावर वीस-पंचवीस माणसं,
होडीत मावायची दहा.
तांडेल बघायचा, मग म्हणायचा,
"हिका पुढे सोडा रे, बर्फ इरघळता."
आणि माणसं बाजूला व्हायची,
कुरकुरत, पण व्हायची,
कोर्टाची तारीख असलेला खोतसुद्धा.
पट्टी नव्हती, पावती नव्हती.
टोपलीचा वास, तोच तिचा पास.
एकदा ती तापलेलं पोर घेऊन आलेल्या बाईच्या मागे राहिली,
बांगडे मऊ पडले, निम्म्या भावाने गेले.
त्या रात्री आम्ही तेच बांगडे जेवलो.
ती काही बोलली नाही.
फक्त तिखट जास्त पडलं होतं.

काल दुपारी एक मुलगा आला, सोनेरी.
आठ वर्षांचा असेल, पुढचे दोन दात नाहीत.
दोरीपलीकडे त्याच्याच उंचीचा एक निळा,
त्याचेही दोन दात नाहीत.
दोघांनी एकमेकांना हिरड्या दाखवल्या.
मग सुरू झालं: दात कुठे पुरला,
कौलावर टाकला की उशीखाली ठेवला,
कुर्लीने बोट पकडलं तर आधी रडायचं की आधी झटकायचं.
मागून बाप: "अद्वय, चल, आपली लाइन वेगळी आहे."

तो गेला. वर पोहोचला.
आणि घसरगुंडीच्या तोंडाशी कठडा धरून उभा राहिला.
वरून मिलिंदचा वॉकी-टॉकी खरखरला:
"शेवंतीताई, एक सोनेरी अडकलाय. खाली जात नाही.
म्हणतो, तो येऊ दे."

अठ्ठावीस मिनिटं.
त्याच्या बाजूने सगळे घसरत गेले, सोनेरी, निळे, किंचाळत.
बाप खालून हातवारे करत होता,
मग माझ्याकडे आला. "आम्ही पैसे कशाचे भरलेत?"
मी खरंच विचार केला.
"पुढे जाण्याचे, साहेब. जायलाच हवं, असं पावतीवर नाही."
हे ट्रेनिंगमध्ये नव्हतं.

दोघं एकाच ट्यूबमधून आले.
दोघांच्याही नाकात पाणी गेलं.
निळ्याची आई टॉवेल घेऊन धावली
आणि गडबडीत आधी दुसऱ्याचंच डोकं पुसलं.

संध्याकाळी गेटवर पट्ट्या कापायची कात्री माझ्याकडे असते.
निळ्या, सोनेरी, सगळ्या एकाच बादलीत.
ओल्या झाल्या की सोनेरीचा रंग बोटांना लागतो,
साबणाने जात नाही, खोबरेल लावावं लागतं.

साडेसातची एसटी.
थांब्यावर फणस घेतलेला एक म्हातारा, दोन नर्सा,
पेंगणारं पोर खांद्यावर घेतलेली एक बाई.
माझ्या अंगाला क्लोरीनचा वास,
त्याला कुणी पुढे सोडत नाही.
माझ्यापुढे सातजण.
मोजले, सवयीने.
मग पोरवालीला म्हटलं, "तू हो गो पुढे,"
आणि आठवी झाले.